वरून पाणी गळतंय, वरच्या काकू दार उघडत नाहीत, आणि सोसायटी म्हणते ‘तुम्ही अजून मेंबरच नाही’

नीरफणस (डोंबिवली)

नमस्कार. लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. आज सकाळी आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पलंगावर छताचा तळहाताएवढा पोपडा पडला. त्या नुकत्याच उठून चहाला बाहेर आल्या होत्या. उशीवर वाळू आणि चुना बघितला आणि माझे हातपाय गार पडले. म्हणून विचारतेय.

आम्ही चिपळूणचे. बाजारपेठेजवळ आमचं कौलारू घर होतं. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. आई आणि सासरे माळ्यावर चढले, ते दुसऱ्या दिवशीच खाली उतरले. आम्ही दोघं तेव्हा ठाण्यात भाड्याच्या घरात, फोन लागत नव्हता. खाली पाण्यात धान्याचे डबे रात्रभर एकमेकांवर आपटत होते, तो आवाज आईंच्या कानातून अजून गेलेला नाही. दोन वर्षांनी सासरे गेले. पाऊस लागला की आई एकट्या त्या घरात झोपेनात. शेवटी घर विकलं, होतं नव्हतं ते घातलं, कर्ज काढलं आणि या मार्चमध्ये डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत टू बीएचके घेतला.

इमारत १९९६ ची, तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर. जानेवारीत घर बघायला आलो तेव्हा आतल्या खोलीला नवा रंग होता, बाथरूमला पीव्हीसीचं सीलिंग होतं. आम्हाला वाटलं, माणसं नीटनेटकी आहेत. मे महिन्यात रंगातून पिवळा डाग वर आला. सीलिंगचं एक पॅनेल काढून बघितलं तर स्लॅबला पांढरे लोंबते खडे झालेले आणि दोन ठिकाणी गंजलेल्या सळ्या उघड्या. आता आईंच्या खोलीची डक्टकडची, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीकडची, भिंतही ओली आहे आणि बाथरूममध्ये थेंब पडतात. रात्री तो टपटप आवाज आला की आई उठून बसतात. मी बादलीत जुना टॉवेल घालून ठेवते, म्हणजे आवाज कमी होतो.

वर एक काकू एकट्या राहतात, सत्तरीच्या पुढच्या. मुलगा बंगळुरूला. पहिल्यांदा गेले तेव्हा सेफ्टी डोअरच्या आतूनच म्हणाल्या, “माझ्याकडे काही गळत नाही. आधीच्यांनी पंधरा वर्षांत कधी तक्रार केली नाही.” दुसऱ्यांदा बेल वाजवली तर दारच उघडलं नाही. तिसऱ्यांदा हे गेले, यांचा आवाज जरा चढला. त्या संध्याकाळी मुलाचा फोन: माझ्या आईला त्रास दिलात तर पोलिसात जाईन. आता काकू जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. मला फार वाईट वाटतं त्याचं.

सेक्रेटरींकडे अर्ज घेऊन गेले तर त्यांनी घेतला नाही. “शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढलेलं नाही, तुम्ही अजून मेंबर नाही. आधी ट्रान्सफरचं बघा.” ट्रान्सफरला पंचवीस हजार प्रीमियम आणि वर पन्नास हजार ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने’ मागतायत. मेंबरशिपचा अर्ज मार्चमध्येच दिलाय. पोच मात्र घेतली नाही, तेवढं सुचलं नाही तेव्हा.

काय करू? भांडायची ताकद आहे माझ्यात, पण आईंना याच घरात राहायचंय आणि काकूंच्याच पायाखाली झोपायचंय.

गिलावा (नाशिक)

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी आईंचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा. आजच. एक पोपडा पडला की शेजारचाही सुटलेला असतो. हातोडीच्या दांड्याने छताला हलकं ठोकून बघा, भद्द आवाज आला तिथे गिलावा पोकळ आहे. तो माणूस बोलावून मुद्दाम पाडून घ्या. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलते, त्यामुळे नुसतं पुट्टी भरून काही होत नाही.

वॉटरप्रूफिंगचं काम मी बावीस वर्षं करतोय. कोणाचं पाणी आहे हे कळायच्या आधीच भांडण झालेलं असतं, हे मी घराघरांत बघितलंय. एक वही घ्या आणि दोन दिवस थेंब मोजा, घड्याळ लावून. चोवीस तास सारख्याच गतीने पडत असेल तर संशय पाण्याच्या दाबाच्या लाइनवर, म्हणजे भिंतीतल्या कन्सील्ड पाइपवर. वरच्यांच्या अंघोळीच्या वेळी वाढून नंतर कमी होत असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं, किंवा टाइल्सचे सांधे. पावसाच्या सरीबरोबर वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्ट. पण एक सांगतो, जुन्या बांधकामात बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि वर वीटबॅटचा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा, भराव. आम्ही त्याला सनला म्हणतो. तो भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरच्यांनी नळ बंद केला तरी खाली दोन-तीन दिवस गळू शकतं. ‘बघा, मी गावाला गेले होते तरी गळत होतं’ असं वरचे सांगतात ते खोटं असतंच असं नाही.

मग वर जाऊन टेस्ट. नहाणी ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओतायचं, खायचा लाल रंग चालतो, आणि खाली वाट बघायची. ते झालं की ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरून चोवीस तास ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची. या दोन्हीला फोडाफोडी लागत नाही, हे काकूंना आधी सांगा.

डक्टकडची भिंत ओली आहे म्हणता, ते मला वेगळंच प्रकरण वाटतंय. त्या काळातले डाउनटेक पाइप, म्हणजे सगळ्या मजल्यांचं सांडपाणी खाली नेणारे, बहुतेक बिडाचे. इतक्या वर्षांत सांधे सुटतात. डक्टमध्ये माणूस उतरवून बघायला लागेल. कोणी खालून स्लॅबमध्ये केमिकलचं इंजेक्शन मारून गळती थांबवून देतो म्हणाला तर घाई करू नका. पाणी तिथून थांबतं आणि हातभर लांबून बाहेर येतं.

जुना_सचिव (ठाणे)

मी नऊ वर्षं एका सोसायटीचा सचिव होतो, तेव्हा तुमच्या सेक्रेटरींच्या बाजूची अडचणही जाणतो. पण इथे ते चुकतायत.

महापालिकेच्या हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतो. राज्य सरकारचं परिपत्रक २००१ चं आहे. त्याशिवाय आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. त्यावर देणगी, फंड, काहीही नाव देऊन सक्तीने मागता येत नाही. ‘स्वेच्छेने’ म्हणतायत तर तुमची इच्छा नाही असं लेखी कळवा. मेंबरशिपच्या अर्जावर सोसायटीला तीन महिन्यांत निर्णय घ्यावा लागतो आणि नाकारलं तर कारण द्यावं लागतं. पण तुमच्याकडे पोच नाही, तिथेच गाडं अडलंय. सगळे कागद जोडून अर्ज पुन्हा द्या, हाती घेत नसतील तर स्पीड पोस्टाने, आणि पावती जपून ठेवा. तरी हलले नाहीत तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

गळतीचं: गच्चीची गळती आणि सामायिक पाण्याच्या किंवा ड्रेनेजच्या बाहेरच्या पाइपची गळती हा सोसायटीचा खर्च. सभासदाच्या घरातल्या संडास-बाथरूम, सिंकमधून होणारी आतली गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची. म्हणून ‘दोघांत मिटवा’ हे उत्तर अर्धवट आहे. आधी शोधून काढणं समितीचं काम आहे, सभासदाला पूर्वसूचना देऊन घर आतून बघायचा अधिकार तिला उपविधींनीच दिलाय. आणि तुम्ही मेंबर झालात की नाही याचा छताशी काय संबंध? सळ्या इमारतीच्या आहेत. पत्रात हेच लिहा: स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनीअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावं. तीस वर्षांची होत आलेली इमारत आहे, समितीला हे टाळता येणार नाही. फोटोवर तारीख येऊ द्या.

तिसरा_मजला (पुणे)

मी वरच्या बाजूने लिहितेय. माझी आई म्हणजे तुमच्या त्या काकूच समजा.

तीन वर्षांपूर्वी खालच्यांनी तक्रार केली तेव्हा आईने मला फोनवर सांगितलं, खालचे लोक दांडगाई करतायत. मीही तुमच्या काकूंच्या मुलासारखीच ओरडले त्यांच्यावर, न बघता. सुट्टी काढून गेले तेव्हा कळलं की आईला माहीत होतं. वॉश बेसिनखाली ती रोज डबा ठेवत होती. तिला भीती होती ती बाथरूम आठ दिवस बंद राहण्याची. घरात एकच बाथरूम. अंघोळीला कुठे जाणार, रात्री उठली तर काय, अनोळखी चार माणसं दिवसभर घरात, आणि आदल्या वर्षी ती ओल्या फरशीवर घसरून पडली होती. पैशांचंही होतं, माझ्याकडे मागायला तिला नको वाटत होतं. हे सगळं तिने मला तोंडाने सांगितलं नाही. दुरुस्ती झाल्यावर एकदा बोलण्यात आलं.

खालच्या वहिनींनी एक वाक्य बोललं आणि गोष्ट फिरली: “काकू, तेवढे दिवस आमच्याकडे अंघोळ करा.” तुम्ही स्वतः जाऊ नका, यांना तर पाठवूच नका. आईंना जाऊ द्या. पहिल्या दिवशी गळतीचं नाव काढू नका.

कोकणकडा (पनवेल)

इतकं गोड बोलायची गरज नाही असं माझं मत. सळ्या दिसतायत म्हणजे जिवाशी खेळ आहे. वकिलाची नोटीस द्या, दोघांनाही.

नीरफणस

@कोकणकडा, तुमची काळजी पोहोचली. समितीला पत्र आजच पाठवतेय. काकूंना नोटीस मात्र नाही पाठववत. एकट्या बाईच्या दारात ते पाकीट पडलं तर तिला काय वाटेल हे मी आमच्या आईंकडे बघून सांगू शकते. पलंग हलवला आहे. वही सुरू केलीय.

नीरफणस (साडेतीन आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचं होतं, पण घरात इतकी धूळ होती की बसायला जागा नव्हती.

वहीत दोन वेगवेगळे प्रकार दिसले. बाथरूमचे थेंब सकाळी सात ते नऊ वाढत होते. डक्टची भिंत कायम ओली, आणि दुपारी वरच्या मजल्यांवर भांडी-कपडे झाले की जास्त. म्हणजे गिलावादादा, तुमचं खरं निघालं.

आई एका गुरुवारी चार वाजता घावणे आणि नारळाचा रस घेऊन एकट्याच वर गेल्या. सहा वाजले तरी आल्या नाहीत. मी जिन्यात उभी. नंतर कळलं, त्या पुराचं सांगत होत्या, माळ्यावरच्या रात्रीचं. एवढ्या वर्षांत त्या माझ्याशीही ते सलग कधी बोलल्या नव्हत्या. गळतीचा विषय काकूंनीच काढला. त्यांचंही तेच होतं, मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलंय, बाथरूम बंद झालं तर कमोडवाली दुसरी सोय नाही. आमच्याकडे कमोड आहे हे त्यांना माहीतच नव्हतं!

रविवारी लाल रंग ओतला. चाळीस मिनिटांत आमच्या बादलीत गुलाबी थेंब. काकूंनी स्वतः खाली येऊन बघितलं आणि बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिल्या. मुलाचा फोन आला, त्याने माझी माफी मागितली, यांनीही त्याची मागितली. ट्रॅप बदलला, जुना भराव काढून नवीन वॉटरप्रूफिंग केलं. खर्च त्यांनी दिला, आम्ही आमच्या छताचा. नऊ दिवस काकू रोज साडेसहाला स्वतःची बादली, तांब्या आणि साबणाची डबी घेऊन यायच्या. आमची बादली वापरा म्हटलं तर नाही. अंघोळीनंतर चहा मात्र घ्यायच्या. काम संपलं त्याला पाच दिवस झाले, तरी आई साडेसहाला दोन कप जास्त आधण ठेवतात आणि काकू येतात.

सोसायटीचं तेवढं सोपं झालं नाही. स्पीड पोस्टाने पत्र गेल्यावर सेक्रेटरींनी बोलावून अर्ज घेतला, शिक्क्यासह पोच दिली. पन्नास हजारांचं नाव आता काढत नाहीत. डक्टमध्ये प्लंबर उतरवला, बिडाच्या पाइपचा आमच्या मजल्यावरचा सांधा फुटलेला निघाला. तेवढा एक सांधा बांधून दिला. पूर्ण पाइप बदलायचा म्हणजे सर्वसाधारण सभेत ठराव हवा म्हणतात, आणि ऑडिटचंही तिथेच. मी सभेची तारीख लेखी मागितली आहे.

एकच विचारायचं राहिलं. आईंच्या खोलीला गणपतीआधी रंग काढू का? भिंतीला हात लावला तर अजून गार लागते.

गिलावा

नको. पावसाळ्यात ती भिंत सुकणार नाही, रंग पुन्हा सुटेल. सैल गिलावा काढून भिंत उघडीच राहू द्या, पंखा चालू ठेवा. सळ्यांचं केलंत ना, गंज घासून, अँटी-रस्ट लावून मग पॉलिमर मॉर्टर? ते झालं असेल तर आईंना त्या खोलीत झोपायला हरकत नाही, पलंग फक्त डक्टच्या भिंतीपासून लांब. दिवाळीनंतर भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं नाही तर रंगवाल्याला बोलवा.

नीरफणस

सळ्यांचं केलं, तुम्ही सांगता तसंच. आई आजपासून त्यांच्या खोलीत. बादलीतला टॉवेल काढून वाळत घातलाय.