मायनर लीगमध्ये भाच्याची पिचिंग ॲक्शन बदलतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
इथे बेसबॉलचा धागा क्वचितच निघतो, पण अमेरिकेत राहणारे बरेच जण आहात आणि ऑर्थोवाले, फिजिओसुद्धा इथे लिहितात म्हणून विचारतोय. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

ताईचा मुलगा, वय 20, उजव्या हाताचा पिचर (म्हणजे आपल्याकडचा बोलर). मागच्या वर्षी एका क्लबने घेतला. माहीत नसलेल्यांसाठी, मेजर लीगच्या प्रत्येक क्लबच्या खाली सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा चार टीम्स असतात आणि त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातली कॉम्प्लेक्स लीग. हा सिंगल ए ला आहे, म्हणजे अजून चार जिने चढायचेत.

त्याची ॲक्शन लहानपणापासून क्रॉसफायर. पुढचा पाय सरळ होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा असतो तिकडे न पडता थर्ड बेसच्या बाजूला पडतो आणि हात अंगावरून आडवा येतो. समोरच्याला बॉल उशिरा दिसतो, त्याची कमाई तीच. सप्टेंबरमध्ये सीझन संपल्यावर कोचेसनी हायस्पीड कॅमेऱ्याचं फुटेज दाखवून सांगितलं की पाय सरळ टाक आणि हात मागे एवढा लांब नेऊ नकोस, आखूड कर. कारणं दोन दिली, खांद्यावरचा ताण कमी होईल आणि फास्टबॉल ताशी 91 मैलांवरून 94 ला जाईल. यातलं खरं कारण कुठलं ते कोणी स्पष्ट बोलत नाही, आणि माझी काळजी नेमकी तीच आहे.

थँक्सगिव्हिंगला ताईकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर भाचा गराजमध्ये टॉवेल घेऊन उभा राहिला. टॉवेलचं टोक बोटांत धरून पूर्ण ॲक्शन करायची आणि फटका समोरच्या खुर्चीवर बसला पाहिजे, असा ड्रिल असतो. जमिनीवर निळ्या टेपची सरळ रेष मारलीय. पाच-सहा वेळा पाय बरोबर रेषेवर पडला, मग मी काहीतरी विचारलं, त्याचं लक्ष उडालं आणि पाय आपला जुन्या जागी, टेपच्या वीतभर उजवीकडे. एकदम गप्प झाला. खुर्चीवर बसून उजव्या कोपराची आतली बाजू चोळायला लागला. मी विचारलं तर म्हणे, "मामा, दुखत नाही, फक्त जाणवतं. आईला सांगू नकोस." मी सांगितलं ताईला, लपवण्यासारखी गोष्ट नाही ही.

मी कांगा लीगमध्ये सहा-सात सीझन मीडियम पेस टाकलीय, त्यामुळे "जाणवतं" म्हटलं की पोटात गोळा येतो. आतलं लिगामेंट गेलं तर टॉमी जॉन सर्जरी आणि वर्षभर तरी बाहेर.

वाचून वाचून जास्तच गोंधळ झालाय. पिचर रॉय हॅलडेचा 2000 साली टोरोंटोकडून ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणारे रन, जितका कमी तितका चांगला) होता 10.64, पुढच्या वर्षी त्याला थेट खाली ए लेव्हलला डनीडनला पाठवलं, मेल क्वीन या कोचने डोक्यावरून येणारा हात थ्री-क्वार्टरला, म्हणजे थोडा तिरका खाली आणला आणि 2003 ला साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा अवॉर्ड. जेक अरिएटाचं उलटं. बाल्टिमोरमध्ये त्याचं क्रॉसफायर सरळ करायचा प्रयत्न झाला, जमलं नाही, 2013 ला तो शिकागो कब्जकडे गेला, तिथे त्याला त्याच्या पद्धतीने टाकू दिलं आणि 2015 ला 22 विजय, 1.77 ईआरए, साय यंग. आपल्या क्रिकेटवाल्यांना जिमी अँडरसन आठवेल, तरुणपणी ॲक्शन बदलली, 2006 ला पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर, मग जुन्या ॲक्शनवर परत आणि 704 टेस्ट विकेट्स. माझं म्हणणं एवढंच की हॅलडेचं सगळंच बिघडलं होतं, त्याला बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमच्या पोराचं काहीही बिघडलं नव्हतं, विकेट... म्हणजे स्ट्राइकआउट व्यवस्थित मिळत होते.

तर सांगा, विसाव्या वर्षी मुरलेली ॲक्शन दोन-तीन महिन्यांच्या ऑफ-सीझनमध्ये बदलते का, कोपर जाणवत असताना हे चालू ठेवावं का, आणि कोचला "थोडं सावकाश" असं कसं सांगायचं की पोरगा ऐकत नाही असा शिक्का बसू नये? रिलीज करायला, म्हणजे टीममधून काढून टाकायला त्यांना एक फोन पुरतो, म्हणून तो तोंडच उघडत नाही.

प्रतिसाद 1:
मी फिजिओ आहे, थ्रो करणारे पेशंट बघते. आधी कोपर तपासून घ्या, लागला तर एमआरआय, ड्रिल वगैरे सगळं नंतर. दुसरं म्हणजे पाय आणि हात दोन्ही एकदम बदलायला सांगितलंय हे मला पटत नाही. पाय सरळ पडला की अंग लवकर उघडतं, हात अजून जुन्याच वेळेवर येतोय, म्हणजे मागे राहतो आणि ओढ सगळी कोपरावर. एका वेळी एकच बदल, आणि रोज किती थ्रो झाले, कितव्या थ्रोनंतर जाणवलं ते वहीत लिहायला लावा.

प्रतिसाद 2:
दादा, 2022 पासून मायनर लीगवालेसुद्धा मेजर लीगच्या प्लेयर्स युनियनमध्ये आहेत. एजंट असेल तर एजंटशी, नसेल तर तिथे बोलायला सांगा. आणि कोचला "नाही" म्हणायची गरजच नाही, "करतो, पण आधी कोपर दाखवून येतो" एवढं बोलला तर कोणी वाईट मानणार नाही. लपवून ठेवलं आणि मार्चमध्ये निघालं तर मात्र मानतील.

धागाकर्ता:
ताई, दादा, मनापासून आभार. काल रात्री दोन्ही प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवले, मराठी वाचता येत नाही पण ऐकून सगळं कळतं. आज सकाळी त्याने स्वतःहून टीमच्या ट्रेनरला फोन केला, मंगळवारी तपासणी आहे. फिजिओ ताई, एकच राहिलं, तोपर्यंत टॉवेल ड्रिलपण बंद ठेवायचा का? त्यात बॉल नसतो म्हणून तो म्हणतोय चालेल.