मदत हवी आहे: आईसाठी कोवळमला समुद्राकाठचं आयुर्वेदिक रिसॉर्ट

नमस्कार मंडळी. जुलैअखेर आईला (वय ६८) आठवडाभर केरळला न्यायचंय. तिचे गुडघे फार दुखतात, आणि कर्किडकम महिन्यात, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, तिथे तेलाचे उपचार मुद्दाम घेतात. वर्कलाला कड्यावरून पायऱ्या उतरून किनाऱ्यावर जावं लागतं, म्हणून कोवळम बरं वाटतंय. पावसात समुद्र खवळलेला असतो, पण पाण्यात उतरायचं नाहीच. खोलीतून लाटा दिसल्या तरी तिला पुरे. बाबा गेल्यापासून ती कुठेच गेलेली नाही हो.

नुसता मसाज नको. वैद्य रोज स्वतः तपासतात, उपचाराला बाईच असते आणि तळमजल्यावर खोली मिळते अशी जागा कुणी अनुभवली आहे का? आठवड्याचा खर्च किती आला?