तिसऱ्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतो. जोडणी कुठे करावी?

प्रश्न

नमस्कार. मी भाषांतराचे काम करतो आणि मूळ मजकूर, भाषांतर व शब्दकोश तीन वेगवेगळ्या पडद्यांवर उघडे ठेवायचे आहेत. माझ्या डेस्कटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असून त्यावर एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट असे मॉनिटर जोडायचे पोर्ट आहेत. एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा डिस्प्लेपोर्टवर व्यवस्थित चालतो. तिसऱ्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय आहे, म्हणून त्याची केबल मी कॅबिनेटच्या मागे, यूएसबीच्या शेजारी असलेल्या एचडीएमआयमध्ये लावली. पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसते. नंतर एचडीएमआय स्प्लिटर लावून पाहिला, तेव्हा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र आले. कार्ड बदलावे लागेल का?

उत्तर १

कार्ड बदलण्याची काहीही गरज नाही. यूएसबीच्या शेजारचा एचडीएमआय हा मदरबोर्डचा असतो आणि त्याला चित्र मिळते ते प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सकडून. स्वतंत्र कार्ड बसवले की बरेच मदरबोर्ड हे अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यामुळे केबल चांगली असूनही पडदा काळा राहतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ (आयजीपीयू म्हणजे अंगभूत ग्राफिक्स) किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो सुरू केल्यास हा पोर्ट जागा होतो. मात्र प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सच नसेल (इंटेलच्या, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसते), तर बायोसमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग होणार नाही.

आपल्या कार्डावर दोन डिस्प्लेपोर्ट मोकळे असताना त्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे नेणारी केबल घ्यावी. ती घेताना दिशा जरूर पाहावी, कारण या केबल एकाच दिशेने चालतात: डिस्प्लेपोर्टचे टोक संगणकाकडे आणि एचडीएमआयचे टोक मॉनिटरकडे. उलट दिशेने जोडणी करायची असल्यास वेगळा, स्वतंत्र वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो, आणि नेमकी इथेच पुष्कळांची फसगत होते.

स्प्लिटरचे म्हणाल तर त्याचे कामच एका चित्राच्या प्रती काढण्याचे आहे. संगणकाला तिथे एकच मॉनिटर दिसतो, त्यामुळे सेटिंग बदलून पडदे वेगळे होत नाहीत.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. एक पुरवणी जोडतो. मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचे ‘आउट’ असेल, तर एका मॉनिटरमधून दुसऱ्यात केबल नेऊन साखळी करता येते. यास एमएसटी (मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट) म्हणतात आणि ही सोय डिस्प्लेपोर्ट १.२ पासून आहे. त्या आवृत्तीत प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला १७.२८ गिगाबिट मिळतात. १९२० × १०८० चा पडदा ६० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना) त्यांपैकी साधारण ३.३ गिगाबिट घेतो, तर ४के (३८४० × २१६०) पडदा साधारण १२.८. म्हणजे साखळीत एक ४के ठेवला की त्याच्यासोबत एखादा साधा पडदाच बसतो. विंडोजवर हे उत्तम चालते, पण मॅकओएसवर अशा साखळीतील पडद्यांवर वेगवेगळे चित्र मिळत नाही.

उत्तर ३

तिसरा मॉनिटर ४के असेल तर केबलची क्षमता पाहूनच घ्या. एचडीएमआय १.४ च्या मर्यादेची केबल किंवा कन्व्हर्टर असल्यास ४के चित्र ३० हर्ट्झवरच अडकते. माउसचा बाण ओढल्यासारखा, तुटक सरकतो आणि दिवसभर मजकूर वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना ते फार त्रासदायक होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मॉनिटर १९२० × १०८० चाच आहे. सांगितल्याप्रमाणे केबल आणली आणि तिसरा पडदा लगेच सुरू झाला. कार्डाच्या मोकळ्या डिस्प्लेपोर्टवर काळ्या रबरी टोप्या होत्या, त्यामुळे ते पोर्ट बंद असावेत असा माझा इतके दिवस समज होता. आता अडचण एवढीच की उजवीकडच्या पडद्यावर जाण्यासाठी माउस डावीकडे न्यावा लागतो.

उत्तर १

डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १, २, ३ असे आकडे असलेले चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबल्यावर प्रत्येक पडद्यावर त्याचा आकडा उमटेल. त्यानुसार चौकोन ओढून टेबलावरच्या क्रमाने लावा, वरच्या कडा एका रेषेत आणा आणि ‘अप्लाय’ करा. आणि डिस्प्लेपोर्टची केबल काढण्याची वेळ आली तर प्लगवरची कळ दाबून मगच ओढा. आत दोन बारीक हुक अडकलेले असतात, जोर लावल्यास कार्डाचा पोर्ट उखडतो.