हात पुढे न करणाऱ्याला देश द्यावा का?

नेकारकाठ

जर्मनीत श्टुटगार्टला येऊन मला चौदा वर्षं झाली. यंदा नागरिकत्वाचा अर्ज भरायचा म्हणून परीक्षेची तयारी चालू आहे (३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास), आणि २०२० सालचा एक निकाल पुन्हा डोक्यात घोळतोय.

आमच्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातली गोष्ट. एक माणूस २००२ साली लेबनॉनहून शिकायला आला आणि इथेच डॉक्टर झाला. नागरिकत्वाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क, घटनेशी निष्ठेच्या कागदावर सही. २०१५ मध्ये प्रमाणपत्र घ्यायला गेला तेव्हा अधिकारी बाईंनी हात पुढे केला. ह्याने केला नाही. परस्त्रीचा हात हातात घेणार नाही असा बायकोला शब्द दिलाय, म्हणाला. बाईंनी प्रमाणपत्र दिलंच नाही. मानहाइमच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानेही त्यांचीच बाजू उचलून धरली: बाई म्हणजे मोहाचा धोका असं मानून जो हात देत नाही, त्याने इथलं जगणं स्वीकारलेलं नाही.

मला हा निकाल पटत नाही. सरकारने माणूस वागतो कसा ते बघावं, तो मनात काय मानतो ते चाचपू नये. नागरिकाच्या बाबतीत हे खरं असेल, तर जीव वाचवायला आलेल्या निर्वासिताच्या बाबतीत दुपटीने खरं आहे.

२०१५च्या हिवाळ्यात मी आमच्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये ठेवलेल्या निर्वासितांना जर्मन शिकवायला जायचे. बास्केटबॉलच्या आखलेल्या रेघांवर लोखंडी खाटा, दोन कुटुंबांच्या मध्ये दोरीवर टाकलेली चादर. तिथले एक सीरियन आजोबा मला बघितलं की उजवा हात छातीवर ठेवून मान लववायचे. हात कधी मिळवला नाही. मला त्यात अपमान जाणवला नाही. नातीला मात्र रोज पहिल्या खुर्चीवर आणून बसवायचे.

सडेतोड

धाग्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेत. तो डॉक्टर निर्वासित नव्हताच. नागरिकत्व हे देशाचं देणं आहे, कुणाचा हक्क नाही. ते कुणाला द्यायचं हे देश ठरवणार.

आता निर्वासितांचं. ३१ ऑगस्ट २०१५ ला तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाई म्हणाल्या, आपल्याला हे जमेल. त्या एका वर्षात साधारण ८ लाख ९० हजार माणसं आली. चारच महिन्यांनी, ३१ डिसेंबरच्या रात्री कोलोनच्या स्टेशनाबाहेर काय झालं ते आठवा. शेकडो बायकांनी अंगचटीला आल्याच्या तक्रारी नोंदवल्या. २३ ऑगस्ट २०२४ ला सोलिंगनच्या उत्सवात आश्रय मागायला आलेल्या एका सीरियन माणसाने सुऱ्याने तिघांना मारलं. आजोबांची गोष्ट गोड आहे, पण त्या तिघांच्या घरच्यांना ती सांगून बघा. बाई-पुरुष समान, धर्म बदलायची किंवा सोडायची मुभा, समलिंगी माणसाला सुखाने जगू देणं, हे मान्य आहे का ते दारातच विचारा. नसेल तर दुसरा देश बघा.

मृण्मयी_क

दारात विचारून काय हाती लागणार? खून करायच्या इराद्याने आलेला माणूस 'मला समानता मान्य नाही' असं लिहून देणार आहे का? सोलिंगनच्या माणसाला २०२३ मध्येच बल्गेरियाला परत पाठवायचं ठरलं होतं. पोलीस न्यायला गेले तेव्हा तो जागेवर नव्हता, आणि मग मुदत उलटून गेली. ही कारभाराची ढिलाई आहे, मूल्यांच्या प्रश्नपत्रिकेने ती भरून निघत नाही.

शिवाय १९५१चा जिनिव्हा करार विचारतो ते उलटं आहे: तुमचा वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत ह्यामुळे तुमचा छळ होतोय का? तुम्ही भले आहात का, असं नाही विचारत. मन तपासायला निघालं की काय होतं ते २०१८ मध्ये ऑस्ट्रियात दिसलं. एका अफगाण मुलाचं चालणं आणि कपडे समलिंगी माणसासारखे नाहीत म्हणून अधिकाऱ्याने त्याचा अर्ज फेटाळला. ज्या उदार मूल्यांच्या नावाने हे चाललंय, तीच इथे पायदळी तुडवली गेली.

रुईचं_पान

मी धाग्याशी पूर्ण असहमत आहे. मलाही उजव्या टोळीत ढकलतील, तरी लिहिते.

हात न देणं ही 'मनातली' गोष्ट नाही, ते वागणंच आहे. आपण मराठी माणसं हे विसरतो ह्याचं मला वाईट वाटतं. माझ्या आजीला गावात दुकानदार सुट्टे पैसे हातात द्यायचा नाही, फळीवर टाकायचा. तोही म्हणायचा, आमचा धर्म आहे, तुमचा अपमान करायचा नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर लोक पाण्यासाठी गेले, तसेच स्पर्शाने काही विटाळत नाही हे सांगायलाही गेले होते. आणि इथे राज्याची प्रतिनिधी म्हणून उभी असलेली बाई, केवळ बाई आहे म्हणून हात नाकारला जातो, तर राज्याने काय 'चालतंय' म्हणायचं?

स्वित्झर्लंडमध्ये टेरविलच्या शाळेने हेच केलं होतं. इमामाच्या दोन मुलांना शिक्षिकेशी हात न मिळवायची सूट दिली. (वडिलांना तिथे आश्रय मिळाला होता, म्हणजे हे निर्वासितांचंच उदाहरण.) २०१६ मध्ये प्रांताने ती सूट काढून घेतली आणि ५,००० फ्रँकपर्यंत दंड होऊ शकेल असं बजावलं. बरोबर केलं. त्या वर्गातल्या मुलींनी रोज काय बघायचं?

गोदातीर

रुईचं_पान, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. +१.

सडेतोड

दारात विचारलेलं कुणी खरं सांगणार नाही हे मान्य. मग आत आल्यावर तरी कसून बघा, एवढंच म्हणतो.

नेकारकाठ

रुईचं_पान, फळीवर टाकलेले पैसे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुमच्या आजीच्या जागी मी नाही, त्यामुळे सांभाळून लिहिते.

शिवाशिवीत समोरच्याला हीन ठरवून स्पर्श टाळला जातो, आणि ते एकाच बाजूने चालतं. इथे तसंच आहे का हे प्रत्येक वेळी तपासावं लागेल. स्वीडनमध्ये २०१८ साली कामगार न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. दुभाषाच्या नोकरीसाठी मुलाखतीला आलेली मुसलमान मुलगी पुरुषाशी हात मिळवेना, म्हणून मुलाखत तिथेच थांबवली. न्यायालय म्हणालं, स्त्री-पुरुषांना सारखंच वागवा अशी अट कंपनीने घालावी, पण ती हात मिळवूनच पाळा असा आग्रह धरता येणार नाही. दोघांनाही छातीवर हात ठेवून नमस्कार केला तरी सारखंच वागवणं झालं. तिला ४०,००० क्रोनर भरपाई मिळाली. मला ही कसोटी योग्य वाटते, आणि ती लावली तर डॉक्टरसाहेब नापास होतात हेही मला कबूल करावं लागेल. पुढे पुरुषांशीही हात मिळवत नाही असं ते म्हणाले, पण ते प्रमाणपत्र नाकारल्यानंतर. तेव्हा निकाल चुकला असं मी ठामपणे लिहिलं होतं, ते मागे घेते.

निर्वासितांबद्दलचं मात्र मागे घेत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की अफगाण बाईला आश्रय द्यायला ती बाई आहे आणि अफगाण आहे एवढं पुरेसं धरता येईल. म्हणजे समानतेच्या मूल्याने इथे दार उघडलं. त्या बाईबरोबर तिचा नवराही येईल, सासराही येईल, आणि त्यांच्या डोक्यात काय आहे हे मला ठाऊक नाही. दारातच त्यांची परीक्षा घेऊन परत पाठवलं, तर तीही त्यांच्याबरोबर परत जाईल.

रुईचं_पान

मग तिला एकटीला बोलावून विचारा. नवरा-सासरा खोलीबाहेर, दुभाषी बाईच हवी. तिला काय हवंय ते आधी ऐका, मग त्या दोघांचं बघू.