मदत हवी आहे: उसात टारफुला आहे, मायकोरायझा टाकलं तर वाढेल की कमी होईल?

सरी_वरंबा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

आमचं गाव पन्हाळ्याच्या बाजूला. दीड एकर ऊस, त्यातला वरचा वीसेक गुंठ्यांचा तुकडा मुरमाड, तांबूस. मी पुण्यात नोकरीला, शेती आण्णाच बघतात. त्या तुकड्यात गेली तीन वर्षं टारफुला, म्हणजे उसाच्या मुळीवर जगणारं तण, येतोय आणि यंदा खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या उसात) तर लैच. गणपतीला घरी गेलो तेव्हा आण्णांनी एक रोप मुळासकट काढून हातात दिलं. वीतभर उंच, खरबरीत पानं, पांढरी बारकी फुलं, बघायला एकदम गरीब. बादलीत मूळ धुतलं तर ते उसाच्या मुळीला असं चिकटलेलं की सोडवताना उसाचीच मुळी तुटली. पाण्याची पाळी वेळेवर आहे तरी तिथला ऊस दुपारी मान टाकतो, पेरं बोटाएवढी.

आता आण्णांनी दुकानातून मायकोरायझाचं, म्हणजे मुळांशी जोडीनं जगणाऱ्या बुरशीचं, पाकीट आणलंय. दुकानदार म्हणाला मुळ्या वाढतील, त्यापुढं त्यालाही काही सांगता येईना. म्हणून मी रात्री मोबाईलवर वाचत बसलो आणि जे कळलं त्यानं झोपच गेली.

मला समजलं ते असं. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन बाहेर सोडतं, ही बुरशीला मारलेली हाक. ते पोचलं की बुरशीच्या तंतूला भराभर फाटे फुटतात, ती मुळात शिरते, लांबून स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाची साखर खाते. हे २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण याच जातीचं रसायन १९६६ मध्येच कपाशीच्या मुळांतून काढलं होतं, आणि कशासाठी, तर त्यानं टारफुल्याचं बी उगवतं म्हणून! नावसुद्धा टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून पडलंय, स्ट्रायगा. म्हणजे हाक मारली पाहुण्याला आणि ती ऐकून घरात शिरला चोर.

मग प्रश्न असा की बुरशी बाहेरून टाकली तर ऊस जास्त हाका मारेल आणि टारफुला आणखी उगवेल का? का बुरशी पोचली की हाक थांबते? आणि डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, द्यायचं का नाही? आण्णा रोज फोनवर विचारतायत, पाकीट खुंटीला टांगलंय.

गुऱ्हाळकर:
दादा, पाकिटाचं नंतर बघू, आधी फुलावर आलेला टारफुला उपटा. बी धरलं तर संपलं, एका झाडाला हजारांनी बी, धुळीसारखं, वाऱ्यावर जातं, पाटाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतात जातं आणि वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत पडून राहतं. उपटलेला बांधावर टाकू नका, उकिरड्यात तर अजिबात नको, शेणखतातून परत शेतातच येतो. जाळा. आणि वर दिसला म्हणजे आज आला असं नाही, कित्येक आठवडे खालून ऊस पीत असतो, त्यामुळं उपटल्यावर यंदाच्या उसात फार फरक दिसणार नाही. पुढच्या वर्षासाठी उपटायचा.

मुळाक्षर:
तुमचं वाचन बरोबर दिशेला आहे. मी वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

हाक कमी होते. कॅमेरूनमध्ये शेतात ज्वारीबरोबर ही बुरशी देऊन बघितली तर टारफुल्याच्या आफ्रिकेतल्या भावाचा जोर कमी झाला, आणि नंतर असंही दिसलं की बुरशी वस्तीला आलेल्या मुळांच्या स्रावानं टारफुल्याचं बी कमी उगवतं. पाहुणा आला की दारात उभं राहून ओरडायची गरज उरत नाही. हे प्रयोग ज्वारी-मक्यावरचे आहेत, ऊस त्यांच्याच गवत कुळातला, पण तुमची खात्री तुमच्या सरीतच होईल.

दुसरं म्हणजे हा संवाद एकतर्फी नाही. बुरशीही उलट निरोप पाठवते, तिच्या भिंतीत जे कायटिन असतं त्याचेच छोटे तुकडे, काहींना चरबीची शेपटी. तो निरोप लागला की मुळाच्या पेशीत केंद्रकाभोवती कॅल्शियमची पातळी ठोक्यांसारखी वर-खाली होते आणि मग मूळ दार उघडतं. सोयाबीनच्या गाठीतले जिवाणूसुद्धा हीच कडी वाजवतात. बुरशीचं हे नातं चाळीस कोटी वर्षांहून जुनं आहे, गाठीवाल्यांनी ती वाट उसनी घेतली. टारफुल्याला यातलं काही लागत नाही, तो नुसता हाक ऐकतो आणि भिंत फोडतो.

आता डीएपी. स्फुरद भरपूर मिळालं की मूळ गप्प बसतं. टारफुल्याला ऐकू जाणार नाही हे चांगलंच, पण बुरशीलाही जाणार नाही. ज्वारीत नत्र कमी पडलं तरी हाक वाढते, म्हणून उपाशी, हलक्या रानात टारफुला माजतो आणि तुमचा मुरमाड तुकडाच का धरला याचं उत्तर तिथं आहे. त्यामुळं एक तर माती परीक्षण करून खत पुरेसं द्या, नाहीतर डीएपीचा हात आखडून बुरशीवर भिस्त ठेवा. भरपूर डीएपी आणि वर हे पाकीट म्हणजे पाकिटाचे पैसे पाण्यात. बेणं (लावायच्या उसाच्या कांड्या) कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवून त्याच सरीत लगेच बुरशी टाकली तरी तेच, तिला तेही मारक आहे.

शंकासुर:
आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की बुरशीला पन्नास शब्दांची भाषा येते. मग तिलाच विचारा की डीएपी टाकू का 😄

मुळाक्षर:
@शंकासुर, ते २०२२ चं काम आहे. चार बुरश्यांमध्ये सुया खुपसून विजेचे ठोके मोजले आणि त्यांचे गट पाडून त्याला 'शब्द' म्हटलं. ठोके खरे आहेत, पण त्यातून कोण कुणाला काय सांगतंय हे काही सिद्ध झालेलं नाही. उसाच्या मुळाशी चाललंय ते रसायनाचं काम आहे, त्याला शब्दकोश लागत नाही.

सरी_वरंबा:
ताई, खूप आभार, दोनदा वाचलं. पण हाक ऐकून बी उगवतं तर खोटी हाक मारून फसवता येत नाही का?

मुळाक्षर:
येतं की! अमेरिकेत कॅरोलिनात १९५६ मध्ये मक्यात टारफुला सापडला तेव्हा त्यांनी पुढं जमिनीत इथिलीन वायू सोडला. बी फसून उगवलं, जवळ मका नाही, उपाशी मेलं. आपल्याकडे वायू कोण सोडतंय, पण कपाशी, भुईमूग, चवळी यांची मुळंही ते बी उगवायला लावतात आणि टारफुला त्यांच्यावर जगू शकत नाही. १९६६ ची ती कपाशी याच कारणानं कामाला आली होती.

गुऱ्हाळकर:
म्हणूनच आमचा म्हातारा म्हणायचा, टारफुल्याच्या रानात एक साल भुईमूग धर. कारण विचारलं की शिव्या द्यायचा.

सरी_वरंबा:
आण्णांशी बोललो. उरलेला टारफुला या रविवारी उपटून जाळायचा, खोडवा तुटला की वरच्या तुकड्यात भुईमूग, त्यानंतर उसाची नवी लागण. लागणीत चार सऱ्यांना मायकोरायझा आणि कमी डीएपी, शेजारच्या चार सऱ्या नेहमीसारख्या, आणि दोन्हीकडचे टारफुले मोजायचे. आण्णा बेणेप्रक्रिया सोडायला तयार नाहीत, काणी रोगाची आणि बेणं कुजायची भीती आहे त्यांना, आणि ती खोटी पण नाही. तेव्हा शेवटचं एक, कार्बेन्डाझिममध्ये बुडवलेलं बेणं लावलं तर मायकोरायझा पहिल्या भरणीला (उसाला मातीची भर लावताना) मुळाशी दिलेलं चालेल का? कुणी स्वतः करून बघितलं असेल तर लिहा, दुकानदाराचं उत्तर नको.