शब्दचर्चा: ‘उर्फनाव’ की ‘उपप्रकार’, ‘वेष्टन’ की ‘शिक्का’?

प्रश्न: हास्केल या प्रोग्रामिंग भाषेवर मी मराठीत टिपणे लिहीत आहे. ‘टाइप एलियस’साठी ‘उपप्रकार’ आणि ‘न्यूटाइप’साठी ‘वेष्टन’ हे शब्द मी योजले आहेत. ते अर्थाला धरून आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: ‘उपप्रकार’ येथे टाळावा, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे. प्रकार म्हणजे मूल्य संख्या आहे की अक्षर, हे सांगणारा वर्ग; मोठ्या प्रकारात सामावणारा लहान प्रकार असा ‘उपप्रकार’चा अर्थ होतो आणि ती संकल्पना स्वतंत्र आहे. एलियसमध्ये नवा प्रकार जन्मतच नाही, असलेल्या प्रकाराला दुसरे नाव तेवढे मिळते. त्यासाठी आपल्या कागदपत्रांत मुरलेला ‘उर्फ’ आहे, म्हणून मी ‘उर्फनाव’ म्हणतो. राम गणेश गडकऱ्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. नावावरून वाचकाला अंदाज येतो, पण माणूस एकच. हास्केलमधील ‘स्ट्रिंग’ हे अक्षरांच्या यादीचे उर्फनाव आहे आणि ‘फाइलपाथ’ हे ‘स्ट्रिंग’चे. त्यामुळे फाइलच्या पत्त्याच्या जागी शेतकऱ्याचे नाव दिले, तरी कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राला समजेल असा करणारी प्रणाली, हरकत घेत नाही.

‘वेष्टना’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. न्यूटाइप म्हणजे असलेल्या प्रकारावरूनच केलेला, पण कंपायलर वेगळा मानतो असा नवा प्रकार. येथे सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा ‘पोती’ आणि ‘क्विंटल’ ही दोन्ही एकाच संख्याप्रकाराची उर्फनावे ठेवली होती. हमाली पोत्यांवर मोजायची होती, पण माझ्या हातून तेथे वजन दिले गेले. प्रोग्राम विनातक्रार चालला आणि चूक हिशेबपट्टी हाताने ताडून पाहिली तेव्हाच सापडली. दोन न्यूटाइप केले असते, तर प्रोग्राम कंपाइलच झाला नसता.

मात्र बाजारात मालाचे वजन करताना बारदानाचे वजन वजा करावे लागते, आणि ‘वेष्टन’ म्हटले की वाचकाच्या मनात असेच काही वजनदार उभे राहते. १९९६च्या हास्केल १.३ आवृत्तीत आलेल्या न्यूटाइपला असे बारदान नसते, कारण प्रकारांची तपासणी झाल्यावर त्याची खूण पुसली जाते आणि प्रोग्राम चालताना आतली संख्याच तेवढी उरते. त्याऐवजी हास्केलच्या ‘डेटा’ या शब्दाने एका घटकाचा प्रकार केला, तर तत्त्वतः आवरण खरोखर उरते. तेथे ‘वेष्टन’ शोभेल. न्यूटाइपसाठी मी ‘शिक्काप्रकार’ सुचवतो, कारण शिक्क्याने माल जड होत नाही, पण दुसऱ्याच्या मालात मिसळतही नाही. शिवाय शिक्का बदलला की नियमही बदलता येतात. त्याच संख्यांवर ‘सम’चा (इंग्रजी Sum) शिक्का असेल तर त्या जोडताना बेरीज होते, ‘प्रॉडक्ट’चा असेल तर गुणाकार. उर्फनावाला असे स्वतःचे नियम देता येत नाहीत.

प्रश्न: आभारी आहे. मग सरळ ‘भिन्न प्रकार’ का म्हणू नये?

उत्तर: संख्या आणि अक्षर हेही भिन्न प्रकारच आहेत. मूळ मूल्य तेच असून ओळख वेगळी आहे, ही गोष्ट ‘भिन्न’मधून कळत नाही. आपण निवडलेली जोडी स्काला ३ या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतील ‘ओपेक’ प्रकारावर लावून पाहावी. ज्या कक्षेत त्याची व्याख्या असते तेथे तो मूळ प्रकाराशी एकरूप असतो आणि त्या कक्षेबाहेर वेगळा ठरतो. त्याचे वर्णन मी ‘आतून उर्फनाव, बाहेरून शिक्काप्रकार’ असे करीन.