मदत हवी आहे: बागेत आणि ट्रेकला चालेल असा एकच चाकू कोणता?

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. रोज खिशात राहील असा घडीचा चाकू घ्यायचाय. छाटणीला कात्री आहेच. चाकू लागतो तो सुतळी, खताची पोती आणि ठिबकची १६ मिमीची नळी कापायला. नळी तिरकी कापली गेली की जॉइनर नीट बसत नाही, पाणी झिरपत राहतं, म्हणून पातं पातळ हवं.

सध्याचा चाकू कार्बन स्टीलचा आहे. धार झकास लागते, पण औषध फवारणीच्या दिवसांत ओला राहिला की सकाळी तांबूस डाग पडलेलेच. स्टेनलेस घ्यावा का? त्याची धार घरच्या दगडावर निघते का?

ओपिनेल कंपनीचा ८ नंबरचा घडीचा चाकू डोक्यात आहे. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, कडं फिरवलं की लॉक होतं. पण लाकडी मूठ पावसात फुगून घडी घट्ट होते म्हणतात. कुणी वापरलाय?

थंडीत वासोट्यालाही जाणं होतं. अभयारण्य आहे, तिथं लाकूड तोडायचं नाहीच, त्यामुळं रॅम्बोछाप सुरे सुचवू नका. ९ इंचांपेक्षा लांब पात्याला शस्त्र कायदा आडवा येतो तो वेगळाच!

सांगली-मिरजेत हातात धरून बघता येईल असं दुकान असेल तर तेही सांगा.